जांभळी कोरांटी : एका दारच्या झुडपाची ओळख

बागेत जांभळा रंग हवा म्हणून नर्सरीत गेलेल्या माणसापुढे चार-पाच झुडपं हमखास ठेवली जातात. दुरांटा, ब्रुनफेल्सिया, टिबुचिना, थनबर्जिया. आणि यांतलं काहीच पसंत पडलं नाही तर बोगनवेल आहेच. सगळी देखणी आहेत, वादच नाही. पण सगळी बाहेरची. थनबर्जिया पश्चिम आफ्रिकेतली, बाकीची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतली. परदेशी झाड लावूच नये असं काही मला म्हणायचं नाही. तसं ठरवलं तर मिरची, टोमॅटो आणि दसऱ्याचा झेंडूही उपटावा लागेल. माझा प्रश्न साधा आहे : या यादीत जांभळी कोरांटी का नसते?

कोरांटी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पिवळी येते. बांधावरची, काटेरी, गुरांनीही तोंड न लावलेली. दात दुखला की जिची पानं चावायला सांगतात आणि दंतमंजनाच्या डब्यावर जी वज्रदंती म्हणून मिरवते, ती. जांभळी कोरांटी तिची सख्खी बहीण. तिला पानांच्या बेचक्यात काटे नसतात, फूल मोठं असतं, आणि जुन्या वाड्यांच्या परसात, देवळांच्या आवारात, शाळांच्या कुंपणाला ती पिढ्यान्पिढ्या उभी आहे. ती कुणी विकत आणलेली नसते. शेजारणीकडून फांदी मागून आणायची आणि पावसाळ्यात खोचून द्यायची, एवढ्यावर तिचा प्रसार झाला. फुकट मिळणाऱ्या झाडात नर्सरीवाल्याला रस असण्याचं कारण नाही, हे एक.

दुसरं कारण प्रदर्शनांचं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं आणि तोवर कोरांटीचा बहर ओसरत आलेला असतो. शिवाय तिचं फूल खुडून पाण्यात ठेवलं तरी टिकत नाही. एखाददुसऱ्या दिवसात पाकळ्यांची अख्खी नळी देठातून अलगद सुटून खाली पडते. गुलाब टेबलावर ऐटीत उभा राहतो, कोरांटी नाही. बक्षीस न मिळणारी झाडं बागकामाच्या पुस्तकांत चार ओळींत उरकली जातात. हे पुस्तक त्या चार ओळींच्या पुढचं आहे.

आधी ओळख पटवून घेऊ. वनस्पतिशास्त्रात हिचं नाव बारलेरिया क्रिस्टाटा. नर्सरीत मागायची झाली तर नुसतं ‘बारलेरिया’ म्हणावं. कुठेकुठे तिच्या कुंडीवर ‘फिलिपिन व्हायोलेट’ अशी चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर जाऊ नये, झाड भारतातलंच आहे. जाक बारलिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञावरून ही प्रजाती ओळखली जाते, आणि लिनियसनं १७५३ साली पिवळी व जांभळी या दोन्ही कोरांट्यांची नोंद एकाच ग्रंथात केली. आपल्याकडची नोंद त्याहून कितीतरी जुनी. अमरकोशात झिंटीचे, म्हणजे कोरांटीचे, प्रकार फुलाच्या रंगावरून सांगितले आहेत : पिवळी ती कुरंटक, तांबडी ती कुरबक, निळी ती बाण. ‘मेघदूता’तल्या अलकानगरीच्या स्त्रिया केसांत कुरबक माळतात. ही आजची नेमकी कोणती जात यावर अभ्यासक वाद घालोत. कोरांटीच्या गोतावळ्यातली आहे, इतकं अमरकोशावरून धरायला हरकत नाही.

गोतावळा मोठा आहे आणि आपल्या ओळखीचा आहे. अडुळसा, अबोली, तालिमखाना, किराईत आणि कारवी ही सगळी याच कुळातली. एकट्या सह्याद्रीत बारलेरियाच्या कितीतरी जाती आहेत, आणि त्यांतल्या काही इथं सोडून जगात कुठं सापडत नाहीत. त्यांपैकी एकीचं नाव बारलेरिया गिब्सोनी. अलेक्झांडर गिब्सन हा दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा अधीक्षक. पुढे १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याच्या नावानं ही जांभळ्या फुलांची कोरांटी ओळखली जाते. डोंगरावर ती दिसली तर पाहावी, फोटो काढावा आणि पुढं चालू लागावं. असल्या दुर्मीळ जाती घरी आणून जगवण्याची हौस या पुस्तकाला मान्य नाही. कारवीचंही तेच. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. सात वर्षं नुसती पानं, आठव्या वर्षी एक हंगाम जांभळा डोंगर, आणि मग मरण. घरच्या वाफ्यात असलं व्रत कोण पाळणार? जांभळी कोरांटी मात्र दरवर्षी न चुकता फुलते, आणि बागेत ती काही पाहुणी नाही.

आता झाडाजवळ जाऊ. माणसाच्या कमरेपासून छातीपर्यंत उंची, बुंध्यापासून निघालेल्या बऱ्याच फांद्या, समोरासमोर पानं, पेरं किंचित फुगलेली. एक पान तोडून वाळू द्या आणि भिंगातून पाहा. पृष्ठभागावर बारीक-बारीक रेघा उमटलेल्या दिसतील, कुणी सुईनं ओरखडल्यासारख्या. पानाच्या पेशींत साठलेले चुन्याचे खडे आहेत ते. या कुळातल्या कितीतरी झाडांत ते असतात. फुलाच्या बुडाशी दोन मोठी हिरवी, शिरा उठून दिसणारी निदलं असतात, त्यांच्या कडांना दाते आणि दात्यांच्या टोकाला राठ केस. पिवळीचा काटा हिला नाही असं वर म्हटलं खरं, पण बहराच्या दिवसांत झाडात हात घातला की ही निदलं टोचतात. फूल नरसाळ्यासारखं, दोन इंचांच्या आसपास लांब, पाच पाकळ्यांत उमललेलं. रंग जांभळा म्हणावा तर कधी निळसर, कधी गुलाबीकडे झुकणारा. पांढरी फुलं येणारा प्रकार आहे, आणि पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेलाही. पट्टेवाली प्रथमदर्शनी आवडते खरी, पण माझं मत विचाराल तर भरगच्च कुंपणाला एकरंगी जांभळीच. पट्टे दोन हातांवरून छान दिसतात, रस्त्यावरून नुसता गोंधळ दिसतो.

या झुडपाची सारी मशागत एका गोष्टीभोवती फिरते : कात्री कधी चालवायची. खत, माती, पाणी यांत थोडं इकडं-तिकडं झालं तरी कोरांटी सांभाळून घेते. छाटणीचा महिना चुकला तर त्या वर्षाचा बहर गेला.

कारण असं. पावसाळ्यात झाड फांद्या काढतं. पाऊस सरता-सरता, दिवस आखडू लागले की त्याच नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत कळ्यांचे दाट गुच्छ धरतात. साधारण नवरात्राच्या आगेमागे पहिली फुलं, दिवाळीत भर, मार्गशीर्षात झाड अजून बोलतं असतं, पौषात ओसरतं. आता आपल्या सोसायट्यांत काय होतं? गणपती आले, आवार साफ करा. दसरा आला, कुंपण नीट कापून घ्या. माळी येतो, मोठी कात्री घेतो आणि सगळं एका पातळीत आणून ठेवतो. नेमके त्याच वेळी शेंड्यांवर मुगाएवढे हिरवे गुच्छ बसलेले असतात. ते सगळे खाली पडतात. पुढे झाड हिरवंगार राहतं, आणि ‘या कोरांटीला फुलंच येत नाहीत’ असं म्हणत कुणी तरी ती उपटून तिथं सोनेरी पानांचा दुरांटा लावतं. त्या दुरांट्याचीही तीच गत. रस्त्यांच्या दुभाजकांवर मैलोन् मैल लावलेल्या सोनेरी दुरांट्याला निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे येतात हे किती जणांनी पाहिलंय? सतत कापत राहिलं की तो फुलतच नाही.

मोठी छाटणी बहर संपल्यावर करायची. माघात, थंडी निघायच्या सुमारास, फांद्या जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून सरळ खाली घ्याव्यात. पहिल्यांदा असं करताना जीव कळवळतो, कारण समोर नुसती खुंटं उरतात. घाबरू नये. कोरांटी बुंध्यापासून फुटणारं झाड आहे. न छाटलेली तीन-चार वर्षांत खाली उघडी पडते आणि वर पानांचा झुबका उरतो. दुसरी कात्री हलकी, मृग लागला की. नव्या फांद्या वीतभर झाल्या असतील तेव्हा नुसते शेंडे खुडायचे, बोटांनी खुडले तरी चालतात. प्रत्येक खुडलेल्या टोकाखालच्या पेरातून दोन फांद्या येतात आणि कळ्यांची ठिकाणं दुप्पट होतात. आषाढ संपेपर्यंत हे खुडणं आटपावं. त्यानंतर दिवाळी होईपर्यंत कात्री खुंटीला टांगलेली बरी. एखादी फांदी वाटेत आडवी येत असेल तर तेवढीच काढा.

छाटलेल्या फांद्या फेकून द्यायच्या नाहीत. माघातल्या काड्या लावल्या तर जगतात, पण पुढचा उन्हाळा त्यांना पाणी घालत काढावा लागतो. खरा काळ पावसाळ्याचा. अर्धवट जून झालेली, पेन्सिलीहून थोडी बारीक फांदी घ्यावी. अगदी कोवळी सडते, अगदी जून फुटत नाही. चार-पाच इंचांचे तुकडे, निदान दोन पेरं मातीत जातील असे. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यायचा, कारण मुळ्या त्या फुगलेल्या पेराशीच सुटतात. वरची दोन पानं ठेवा, तीही मोठी असतील तर अर्धी कापा. वाळू आणि पालापाचोळ्याचं खत अर्धं-अर्धं. सावलीत ठेवा. नवा फुटवा दिसला म्हणजे मुळं धरली असं धरून लगेच उपटून पाहणारे लोक असतात. फुटवा साठवलेल्या अन्नावरही येतो. काडी हलकेच ओढून पाहावी. ती मातीला धरून बसली असेल तर मुळं आली.

मातीबद्दल फार लिहायला नको. पाणी मुरणारी कुठलीही माती हिला चालते. कोकणात जांभ्याच्या मातीत प्रश्नच नाही, तिथं अडचण वेगळी. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यात झाड पानापानानं वाढतं, फांद्या लांबट आणि लुळ्या होतात. तिथं खत जवळजवळ देऊच नये आणि शेंडे दोनदा खुडावेत. देशावरच्या आणि विदर्भातल्या काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. वीतभर उंच वाफा करून त्यात मुरूम आणि शेणखत मिसळलं की काम भागतं. नागपूरच्या उन्हात दुपारची सावली मिळणारी जागा निवडावी. पुण्या-नाशकाकडे दिवसभराचं ऊन चालतं, वैशाखात पानं थोडी मलूल होतात इतकंच. पूर्ण सावलीत झाड जगतं पण फुलत नाही, तेव्हा दोन इमारतींच्या फटीत तिला लावून फुलांची वाट पाहू नये. कुंपणासाठी दोन रोपांत दीड फूट अंतर पुरे. बाल्कनीत बारा इंची कुंडी, तिच्या बुडाला पाणी जायला मोकळं भोक, आणि दर दोन वर्षांनी माती बदलणं. पूर्वेची बाल्कनी सर्वांत बरी.

पाण्याचा मात्र एक बारकावा आहे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा भरपूर पाणी द्यावं आणि मधे वाफसा येऊ द्यावा. रोज शिंपडलेल्या वरवरच्या पाण्यानं मुळं वरच राहतात. आणि नत्राचा हात आखडता हवा. युरियाची मूठ टाकली की पानं हातभर होतात, कळ्या मागे पडतात. छाटणीनंतर दोन घमेली शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, बस्स. रोगराई थोडी. कुंडीतल्या झाडांवर पिठ्या ढेकूण येतो, कोरड्या दिवसांत कधी खवले कीड. जुन्या दातांच्या ब्रशनं साबणाचं पाणी लावून घासलं तर बहुतेक वेळा औषधाची पाळी येत नाही.

औषधाबद्दल जरा आग्रहानं लिहितो, कारण कोरांटीवर दिसणारी प्रत्येक अळी ही कीड नसते. लेमन पॅन्झी आणि तिच्या बहिणींसारखी काही फुलपाखरं या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात, आणि कोरांटी त्यांची आवडती. काळपट, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची अळी पानाखाली सापडली की घरात आरडाओरडा होतो. ते काटे निरुपद्रवी असतात. अळी पंधरा-वीस पानं खाईल, कोष करील आणि निघून जाईल. झाडाला त्याचं काहीच वाटत नाही. फुलांवर दिवसभर निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या आणि काळे भुंगे येतात. भुंगा अंगानं मोठा, नळी अरुंद. तो पुष्कळदा आत शिरण्याच्या भानगडीत न पडता नळीच्या बुडाशी भोक पाडून मध ओढतो. खाली पडलेली फुलं उचलून पाहिलीत तर ती चीर दिसेल. परागकणांना हात न लावता मध न्यायचा हा धंदा आहे, आणि झाडानं तो चालवून घेतलेला दिसतो.

फुलं गेल्यावर झाड काही आठवडे कळाहीन दिसतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हिरवी निदलं तपकिरी, कागदी होऊन तशीच लटकत राहतात. नेटकेपणाची सवय असणाऱ्यांना ती खटकतात आणि ते लगेच कात्री घेतात. बी नको असेल तर घ्यावी. हवं असेल तर थांबावं, कारण त्या कागदात अर्ध्या इंचाचं, चपटं, गुळगुळीत बोंड असतं आणि त्यात चार चपट्या बिया. पूर्ण वाळलेलं बोंड टक् करून तडकतं. प्रत्येक बीच्या खाली आकड्यासारखा एक ताठ देठ असतो. बोंड फुटताना तो बीला उसळी देतो आणि बी झाडापासून दूर जाऊन पडतं. बी हातात घेऊन वर पाण्याचा थेंब सोडा. त्याच्या अंगावर चिकटून बसलेले केस क्षणात उभे राहतात आणि बुळबुळीत होतात. पहिल्या पावसात बी मातीला चिकटून राहावं म्हणून ही सोय. पिवळीच्या बोंडाला चोच असते आणि तिच्यात दोनच बिया. फुलं नसताना दोघींना ओळखायची ही सर्वांत पक्की खूण.

या उडणाऱ्या बियांमुळेच ती बाहेर गेल्यावर काही ठिकाणी नकोशी झाली आहे. हवाई बेटांवर बागेसाठी नेलेली जांभळी कोरांटी बागेबाहेर पसरली. पॅसिफिकमधल्या आणखीही बेटांवर तिनं बस्तान बसवलंय. म्हणून परदेशातल्या मराठी वाचकांना एक विनंती. गावाकडून येताना सामानात बी किंवा फांदी घालून नेऊ नका. तिथले नियम पाहा आणि तिथल्या नर्सरीत जे मिळतं त्यावर भागवा. आपल्याकडे तिच्यावर पोसणारी किडामुंगी आहे, दुष्काळ आहे, शेळ्या आहेत. आपल्याकडे ती पसरली तरी बांध सोडून जात नाही.

सुरुवातीला ज्या परदेशी झुडपांची नावं घेतली, त्यांना पुस्तकात एक प्रकरण दिलं आहे. ते त्यांची बदनामी करण्यासाठी नाही. ब्रुनफेल्सियाचं फूल जांभळं उमलतं, फिकट होतं आणि पांढरं होऊन गळतं, एकाच झाडावर तिन्ही रंग आणि वर सुगंध. अर्धसावलीच्या कोपऱ्यात त्याला तोड नाही. मात्र घरात कुत्रा असेल तर ते लावू नका. त्याची फळं-पानं खाऊन कुत्री गंभीर आजारी पडतात. टिबुचिनाचा जांभळा तर कोरांटीहून गडद, मखमली. पण तिला आम्लधर्मी माती लागते. बोअरच्या जड पाण्यावर तिची पानं पिवळी पडत जातात. महाबळेश्वर-पाचगणीकडच्यांनी ती खुशाल लावावी. पठारावर बोअरच्या पाण्यानं तिला जगवणं म्हणजे आजाऱ्याची सेवा आहे, आणि आजारीपण वर्षानुवर्षांचं.

पुस्तकात कामं महिन्यांप्रमाणे सांगितली आहेत, आणि महिने मराठी घेतले आहेत. ज्येष्ठ म्हटलं की काम पावसाशी जोडलं जातं. जूनची तारीख लिहिली तर वाचक कॅलेंडर पाहतो आणि आभाळ पाहत नाही. अधिक महिन्याच्या वर्षी थोडा हिशेब करावा लागेल, तो तुम्ही करालच. पहिलं प्रकरण रोपं मिळवण्याचं, दुसरं लागवडीचं, तिसरं पूर्णपणे छाटणीचं. त्यात रेखाचित्रं आहेत, कारण ‘पेराच्या वर तिरका काप’ हे शब्दांत कितीही सांगितलं तरी हात चुकतो. चौथं फुलपाखरांचं, पाचवं वर सांगितलेल्या परदेशी झुडपांचं. पुस्तक ओळीनं वाचायची गरज नाही. मात्र महिना भाद्रपद असेल, आवारात माळी आला असेल आणि त्याच्या हातात कात्री असेल, तर ही प्रस्तावना इथंच सोडून आधी खाली उतरा.